शाळेला टाइल घालायची, पण कोणती?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझा मुलगा तिथेच तिसरीत आहे. पहिली ते पाचवीची ३१ मुलं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. भिंती चिऱ्याच्या, जमीन जुन्या कोब्याची. कोब्याला खड्डे पडलेत, भेगांतून मुंग्या येतात आणि पावसाळ्यात खालून ओल येते, सतरंज्या कुबट होतात. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाने शाळेला फरशी घालून द्यायचं कबूल केलंय. त्यांनी चार फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या, चकचकीत टाइल पसंत केल्यात. कंत्राटदार म्हणतो, कोब्यावरच चिकटवून देतो, आठ दिवसांत काम होईल. गुरुजी म्हणतात, शाळा चकाचक दिसली तर पट वाढेल. म्हातारी माणसं म्हणतात, पुन्हा कोबाच करा. गणपतीला मंडळी गावी आली की सभा आहे. मला यातलं काही कळत नाही, पण सही माझी लागणार. देणाऱ्यांचं मन मोडायचं नाही आणि मुलांना त्रासही व्हायला नको. काय करू?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बांधकामांवर देखरेख करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी शाळा आणि आरोग्य उपकेंद्रांच्या कामांवर. ‘सही माझी लागणार’ म्हणून आधी विचारून घेणारं माणूस फार क्वचित भेटलं. सभेला अजून वेळ आहे आणि बाहेर पाऊस आहे, या दोन्ही गोष्टी तुमच्या पथ्यावर पडणाऱ्या आहेत. पावसाचं का म्हणते ते पुढे सांगते.

मंडळाने टाइल पाहिली ती मुंबईतल्या दुकानात, दिव्यांच्या झगमगाटात, घराचा हॉल डोळ्यांसमोर ठेवून. घरात माणसं सोफ्यावर बसतात, जेवायला टेबल असतं, फरशीवर फक्त चालायचं असतं. तुमच्या शाळेत मात्र मुलं दिवसाचे पाच तास त्याच फरशीवर मांडी घालून बसणार. पोटावर पालथी पडून चित्रं काढणार. दुपारी शालेय पोषण आहाराची ताटं तिच्यावरच मांडणार, सांडलेलं तिच्यावरूनच पुसलं जाणार. म्हणजे बाकही तीच, टेबलही तीच आणि पंगतही तिच्यावरच. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीस मुलांचे साठ ओले, लाल चिखलाचे पाय दिवसातून निदान चार वेळा तिच्यावरून जाणार. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मुंबईकर मंडळींना सांगायची गरज नाही, तीही त्याच पावसात वाढली आहेत. टाइल निवडताना ते आठवलं नाही, एवढंच.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या छपराचं काम बघायला मी जुलैत गेले होते. नवीकोरी पांढरी गुळगुळीत टाइल, दारात देणगीदारांची पाटी. आत शिरले तर सगळ्या वर्गात गोणपाट पसरलेलं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘काय करू, मुलं पडतात.’ तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी पाणी पिऊन परत आली. दारापासून तिच्या जागेपर्यंत दहा-बारा पावलांचं अंतर असेल. ती भिंतीला हात लावून, पायाची बोटं आवळून, एकेक पाऊल टाकत गेली. शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना आपण चालतो ना, तशी. सहा वर्षांचं पोर स्वतःच्या वर्गात असं चालतंय, हे दृश्य मला अजून विसरता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होते, ती कोकणात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. पावसाळी दमट हवेत गुळगुळीत फरशीला घाम फुटतो. वरून पाणी सांडलेलं नसतं, खालून ओलही आलेली नसते, हवेतलाच ओलावा गार टाइलवर जमतो. कोबा किंवा अर्धवट पॉलिशचा दगड त्यातला थोडा पिऊन घेतो. चकचकीत टाइल काहीच पीत नाही, म्हणून तो सगळा थर वरच राहतो. अशी टाइल बहुधा व्हिट्रिफाइड, म्हणजे फार तापवून काचेसारखी घट्ट भाजलेली असते. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. डाग पडू नयेत म्हणून हा गुण चांगला, पण चकाकी आणि पाणी एकत्र आलं की तोच अंगाशी येतो.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा : शाळेत चकचकीत टाइल नको. वर्गातही नको आणि पडवीत तर नाहीच. टाइलच नको असं मी म्हणत नाही. मॅट घ्या.

दुकानात ‘मॅट दाखवा’ म्हटलं की दहा प्रकार समोर येतात आणि त्यातले चार नुसते कमी चकाकणारे असतात. निसरडेपणा मोजायची एक पद्धत जर्मनीत ठरलेली आहे. तेल लावलेल्या फरशीच्या उतारावर माणूस चालतो, उतार हळूहळू वाढवत नेतात, आणि तो कुठे घसरतो त्यावरून टाइलला ‘आर ९’पासून ‘आर १३’पर्यंत दर्जा देतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आपल्याकडच्या चांगल्या कंपन्याही माहितीपत्रकात हा आकडा देतात. वर्गासाठी ‘आर १०’ आणि पडवीसाठी ‘आर ११’ मागा. त्यापुढे जाऊ नका. फार खरखरीत टाइलमध्ये लाल माती अडकून बसते, ती पोछाने निघत नाही, आणि मुलांचे गुडघे सोलवटतात ते वेगळंच. याच कारणाने पार्किंगची टाइल वर्गात घालू नका. ती स्वस्त आणि मजबूत असते, म्हणून कंत्राटदार हमखास सुचवतो. पण तिच्यावरची उठावाची नक्षी मांडी घालून बसलेल्या मुलाच्या पायाला रुतते. तुम्ही स्वतः तिच्यावर अर्धा तास बसून बघा.

माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नसेल, तर नमुन्याच्या दोन टाइल घरी आणा. अंगणात ठेवा, पाणी ओता, चिमूटभर लाल माती भुरभुरवा आणि ओल्या तळपायाने घासून बघा. पाय सरकला की उत्तर मिळालं. सभेतही हेच करा. वाद घालू नका. एक चकचकीत टाइल, एक मॅट टाइल आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवा, आणि मंडळाच्या अध्यक्षांनाच खुर्चीत बसल्या बसल्या पाय घासून बघायला सांगा. उभं करू नका, उगाच कुणी पडायला नको.

आता पांढऱ्या रंगाचं. तुमच्या मातीत पांढरी फरशी पहिल्या पावसापुरतीच पांढरी राहील. टाइलचं एक वेळ पुसलं जाईल, पण सांध्यांमधलं पांढरं भरण लाल झालं की कायमचं. राखाडी किंवा मातकट करडा रंग घ्या आणि सांध्यातलं भरणही त्याच छटेचं. फार गडदही नको, खोली अंधारी होते. पायऱ्यांच्या कडांना मात्र ठळक वेगळ्या रंगाची पट्टी हवी, म्हणजे नजर कमी असलेल्या मुलाला आणि नातवाला सोडायला येणाऱ्या आजीला पायरी कुठे संपते ते कळेल.

चार बाय दोनच्या टाइलबद्दल माझं मत विरोधी आहे. एवढी मोठी टाइल बसवायला खालचा थर आरशासारखा सपाट लागतो. जरा कुठे पोकळी राहिली की कपाटाचा पाय त्यावर येतो आणि टाइलला तडा जातो, मग एका कोपऱ्यासाठी आठ चौरस फुटांची टाइल उखडा. लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त, आणि एखादी फुटली तर गावातला गवंडीही बदलू शकतो. मी तुम्हाला ३० बाय ३० सेंटिमीटरची टाइल सुचवीन. तिचं आणखी एक कारण आहे, ते मला फार आवडतं, म्हणून शेवटाकडे राखून ठेवते. या आकारात बऱ्याचदा सिरॅमिक टाइल मिळते. तिच्यावर झिलईचा (ग्लेझचा) थर असतो आणि तो पायांनी झिजतो. त्या झिजेचाही दर्जा असतो, पीईआय १ ते ५. शाळेसाठी ४ किंवा ५ घ्या. बाथरूमसाठी ठेवलेली २ नंबरची टाइल शाळेत दोन वर्षांत डागाळलेली दिसेल.

म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं उडवून लावू नका. नीट घोटलेला कोबा ही शाळेसाठी वाईट जमीन नव्हे. तुमचा कोबा इतकी वर्षं टिकला तो उगाच नाही. अडचण अशी की तसा कोबा घोटणारे गवंडी आता फार थोडे उरलेत. हल्लीचा कोबा म्हणजे सिमेंटचं पाणी वर आणून दोन हात फिरवलेला असतो, वर्षभरात त्याची पापडी निघते आणि त्याची धूळ मुलांच्या नाकात जाते. तुमच्या पंचक्रोशीत खात्रीचा माणूस असेल, त्याने पाच वर्षांपूर्वी केलेला कोबा तुम्हाला दाखवता येत असेल, तर करा. चार फुटांच्या आतले चौकोन पाडून, मध्ये पट्ट्या घालून, आणि निदान सात दिवस पाणी मारून. एरवी तो आग्रह धरू नका.

दगडाचा विचार कुणी काढला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. माझ्या हातात असतं तर मी वर्गात कोटाच घातला असता. राजस्थानातला कोटा काय, कर्नाटकातली शहाबादी काय आणि आंध्रातला कडप्पा काय, हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. कोटा त्यातल्या त्यात घट्ट, साधारण इंचभर जाड, घंटा पडली, पातेलं आदळलं तरी सहसा फुटत नाही, आणि वीस वर्षांनी खराब दिसला तर घासून पुन्हा नवा होतो. टाइलला ती सोय नाही. शहाबादी स्वस्त पडते, पण ओलीच्या जागी तिचे पापुद्रे निघतात, म्हणून तुमच्याकडे नको. कोटा घेतलात तर आरशासारखं पॉलिश करू देऊ नका, अर्धं पॉलिश पुरे. आणि एक कायमची खबरदारी : चुनखडीच्या दगडाला अ‍ॅसिड चालत नाही. लिंबू पिळलं तरी डाग उठतो. काम संपल्यावर मजूर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड ओततात, त्यांना आधीच बजावून ठेवा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली वर्गात येणार नाही, हेही बघा. मंडळ टाइलवरच अडून बसलं तर वर्गात मॅट टाइल घ्या आणि निदान पडवीला खरबरीत कोटा मागून बघा. मन मोडायचं नसेल तर एवढी देवघेव होऊ शकते.

कुणी व्हिनाइलचा गालिचा किंवा इपॉक्सीचा लेप सुचवला तर सरळ नाही म्हणा. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गांना ते ठीक. तुमच्यासारख्या जमिनीलगतच्या ओल्या खोलीत खालची वाफ त्यांना उचलून फुगे आणते.

इथपर्यंत वरवरचं झालं. आता खरं दुखणं. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय आणि सभेत कदाचित कुणीच काढणार नाही : खालून येणारी ओल.

कोब्यावर टाइल चिकटवली की ओल थांबत नाही. ती टाइलखाली कोंडते, सांध्यांतून पांढरा खार वर येतो, चिकटवलेला माल सुटतो आणि दोन पावसांत टाइल पावलाखाली ‘ढब ढब’ वाजायला लागते. जिथून कमी अडथळा तिथून पाणी जातं, म्हणून उरलेली ओल चिऱ्यात चढते, आणि चिरा तर पाणी पिणाराच दगड. आज तुमची सतरंजी कुबट होते, उद्या भिंतीचा खालचा हातभर गिलावा पडेल. शिवाय जमीन इंच-दीड इंच उचलली जाऊन दारं घासतील आणि पडवीतून वर्गात शिरताना नको तिथे ठेच लागेल. आठ दिवसांत काम उरकणाऱ्या कंत्राटदाराला हे ठाऊक नसतं असं नाही, पण तुम्ही त्याला ओल थांबवायचं काम सांगितलेलंच नाही.

म्हणून मी म्हटलं की पाऊस पथ्यावर पडलाय. ओल किती आणि कुठून येते हे बघायचे हेच दिवस आहेत, मे महिन्यात तुम्हाला काही दिसणार नाही. संध्याकाळी शाळा सुटली की दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा. असा एक खोलीच्या मधोमध, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक कपाटाजवळ. दुसऱ्या दिवशी उचलून बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील किंवा कोबा काळपट झाला असेल तर पाणी खालून येतंय. फक्त वरची बाजू ओली असेल तर तो हवेतला दमटपणा, त्याला जमीन उकरायची गरज नाही. भिंतीलगतचाच तुकडा ओला आणि मधला कोरडा निघाला, तर दोष बाहेरचा आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचत असेल, किंवा वर्षानुवर्षं माती टाकून टाकून अंगण जोत्याच्या वर आलं असेल. अशा वेळी पन्हळ लावून, जोत्याभोवती उताराचा पट्टा आणि गटार करूनच निम्मं काम होतं. हे काम स्वस्त असतं आणि दिसत नाही म्हणून देणगीत कधीच येत नाही. तुम्ही ते पहिल्या क्रमांकावर लिहा.

मधलाही तुकडा ओला निघाला तर जुना कोबा उकरावाच लागेल. क्रम असा असायला हवा, कागदावर लिहून कंत्राटदाराची सही घ्या. भरावातली लाल माती काढून कठीण मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकून. त्यावर सहा ते नऊ इंच दगडी सोलिंग, म्हणजे दगड रचून ठोकलेला थर, कारण दगडांमधल्या मोकळ्या जागांतून पाणी वर चढू शकत नाही. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, २५० मायक्रॉनचा, जोडावर अर्धा फूट एकावर एक आणि भिंतीकडे वर वळवलेला. त्यावर चार इंच काँक्रीट, आणि मग फरशी. उकरलेलंच आहे तर वाळवीचं औषधही त्याच वेळी माहीतगार माणसाकडून मारून घ्या, पण मुलं आसपास नसताना. भेगांतल्या मुंग्यांचा प्रश्नही नव्या काँक्रीटने सुटेल. व्हिट्रिफाइड टाइल घेतलीत तर नुसत्या सिमेंटच्या लापशीवर बसवू देऊ नका. ती पाणी पीत नाही म्हणून सिमेंट तिला धरत नाही. तिला चिकटवायचा खास माल लागतो, त्यावर भारतीय मानक १५४७७ लिहिलेलं असतं, गोणीवर बघून घ्या.

हे सगळं ऐकून मंडळ म्हणेल, आमच्या पैशात बसत नाही. बसणार नाहीच, खालचं काम टाइलपेक्षा महाग पडू शकतं. अशा वेळी दोन्ही खोल्या वरवर करण्यापेक्षा एकच खोली आणि बाहेरचं गटार पूर्ण करा, दुसरी पुढच्या वर्षी. हा मुद्दा मात्र सोडू नका, ताई. बाकी रंग, आकार, कंपनी यात मंडळाचं ऐकलंत तरी चालेल.

काम कधी करायचं, यातही सगळे मे महिना म्हणतील. सुट्टी असते म्हणून ते बरोबर वाटतं. पण मे महिन्यात तुमच्या विहिरीत पाणी असतं का? काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायचं असतं आणि वाडीला प्यायला हंडे भरायची पाळी असते, मग फरशीला कोण मारणार? न भिजलेलं काँक्रीट भुसभुशीत राहतं. दिवाळीच्या सुट्टीत एक खोली उकरायला घ्या. पाऊस संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात. दोन आठवड्यांत काम संपणार नाही, पण उरलेले दिवस ३१ मुलं दुसऱ्या खोलीत आणि पडवीत सहज मावतील. खोलीला दोर बांधून मुलांना लांब ठेवा, आणि गुरुजींशी आत्ताच बोलून ठेवा.

पण या सगळ्याच्या आधी एक चौकशी. केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीत विचारा, की या इमारतीचा निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून काढून पाडायचा, प्रस्ताव तर गेलेला नाही ना. जुन्या इमारतीवर लोकांनी पैसे घालावेत आणि दोन वर्षांत ती पाडायला निघावी, असं होता कामा नये. इमारत जिल्हा परिषदेची आहे, म्हणून समितीचा ठराव करा, गट शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि बांधकामच्या शाखा अभियंत्याला एकदा येऊन बघायला सांगा. शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्याने नेमलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तुम्ही विचारलंत तर तो आगाऊपणा होत नाही, ते तुमचं कामच आहे.

पडवीबद्दल थोडं. खरी घसरण तिथेच होते, कारण चपला तिथे निघतात, छत्र्या तिथे निथळतात आणि वाऱ्याबरोबर झड तिथे येते. पडवीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, दर आठ फुटांना इंचभर तरी. गवंड्याला नुसतं सांगून भागणार नाही, फरशी पक्की होण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते बाहेरच जातंय हे डोळ्यांनी बघा. रॅम्प असेल तर त्यावर टाइल नको, रेघा ओढलेला खरबरीत कोबा हवा, आणि चढ एकास बारापेक्षा जास्त नको. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. खाली-वर करणारा उंबरठा काढून टाका, चाकाची खुर्ची आज शाळेत नसेल, पण उद्या येऊ शकते. संडास आणि हात धुण्याच्या जागेलाही हीच लहान मॅट टाइल, आणि उतार जाळीकडे.

अंगणात पेव्हर ब्लॉक घालायची टूम कुणी काढली तर कृपा करून थांबवा. तुमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरेल, आणि मुलांना लंगडी, कबड्डी खेळायला मातीच हवी.

गुरुजींच्या पटाच्या काळजीबद्दल मला आदर आहे. कोकणातल्या छोट्या शाळेच्या शिक्षकाला ती रात्री झोपू देत नाही, हे मी पाहिलंय. म्हणूनच आता ते राखून ठेवलेलं कारण सांगते. ३० सेंटिमीटरची टाइल म्हणजे मुलांच्या दप्तरातली मोठी पट्टी. लांबी तीच. वर्गाच्या एका भागात दोन छटांच्या शंभर टाइल घ्या आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून, दहा बाय दहा बसवा. तीन मीटर बाय तीन मीटरचा शंभराचा तक्ता तयार होतो. मुलं त्यावर उड्या मारत दहा-दहाचे टप्पे मोजतील, बेरजा करतील, क्षेत्रफळ शिकतील. दार उघडतं तिथे फरशीवर कोनमापकासारखी अर्धवर्तुळाची खूण करून घ्या, दार जसजसं उघडेल तसा कोन मोजता येईल. इमारतीलाच शिकवण्याचं साधन करायची ही कल्पना आपल्या देशातल्या कितीतरी सरकारी शाळांत रुजली आहे, ‘बाला’ म्हटलं की गुरुजींना लगेच कळेल.

टाइलवर आकडे कोरून घेऊ नका. अक्षरावर पाय पडतो म्हणून आजी-आजोबांना ते रुचणार नाही, आणि त्यांच्या भावनेला मी चूक म्हणणार नाही. कोऱ्याच ठेवा. मॅट टाइलवर खडू उठतो, चकचकीतवर उठत नाही. मुलं आकडे लिहितील, पुसतील, दुसऱ्या दिवशी तिथेच बाराखडी किंवा आपल्या वाडीचा नकाशा काढतील. हे चित्र मंडळासमोर मांडा. आपल्या पैशांतून मुलांना खोलीभर पाटी मिळतेय, हे कळल्यावर पांढऱ्या टाइलचा हट्ट कोण धरील असं मला तरी वाटत नाही. मंडळाच्या नावाची पाटी मात्र भिंतीवर, नजरेच्या उंचीला लावा. त्यांचा मान पायाखाली नको.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी पाचवीच्या मुलांना बोलवा. एकेकाच्या हातात लाकडी पट्टी आणि खडू द्या, आणि प्रत्येक टाइलवर टकटक करायला सांगा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे फुली. मुलांचे कान तीक्ष्ण असतात, एकही सुटणार नाही. फुल्या पडलेल्या टाइल कंत्राटदाराने बदलून दिल्या की मगच पैसे. त्याच छटेच्या, त्याच खेपेच्या पंधरा-वीस टाइल जास्तीच्या मागून घ्या आणि कपाटावर ठेवा, पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

आज शाळा सुटली की प्लॅस्टिकचे तीन तुकडे लावा. उद्या सकाळी कुठला ओला, कुठला कोरडा, ते एका ओळीत मला कळवा. सभेत काय मागायचं ते त्यावरून ठरवू.

तुमची,
सल्लागार ताई